उपडा बसवलेला दगड

४ जानेवारी

चि. भाऊस,

तुझं पत्र मिळालं. फोनच्या भानगडीत पडू नकोस. मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं जुळवते, मग भलतंच होऊन बसतं. लिहीतच जा.

एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतलाय, हे तुला माहीतच आहे. इथं जुन्या वास्तूंच्या कार्यालयात एक साहेब आहेत. त्यांना मी चार प्रकरणं वाचायला दिली. ते म्हणाले, "बाई, आठवणी छान आहेत, पण पुरावा काय?" मी म्हटलं, पुरावा तळ्याच्या काठावर उभा आहे. आपला लेखाचा दगड. तो वाचून झाला की तळ्याची नोंद होईल, ढासळलेला बांध दुरुस्त होईल, गावाला मान मिळेल.

आठवतो ना तो दगड? मी त्याच्यापाशी बसून शाळेचा अभ्यास करायचे आणि तू पाठीमागून येऊन मला पाण्यात ढकलायचा प्रयत्न करायचास. अक्षरं बोटांनी चाचपून बघायचे मी. वाचता कधीच आली नाहीत. आता म्हातारपणी तरी वाचीन म्हणते.

तेव्हा दगड स्वच्छ धू आणि चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. तू दूध सोसायटीचा चेअरमन, तुला काय अवघड आहे? दोन माणसं पाठवलीस की अर्ध्या दिवसाचं काम.

वहिनीला सांग, नवं घर बघायला मी येणारच आहे.

तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. उशीर झाला, कारण सोसायटीचं दूध थंड करायचं यंत्र बंद पडलं होतं आणि दोन दिवस सगळ्या गावाच्या शिव्या मी एकट्यानं खाल्ल्या. चेअरमन म्हणजे गावाचं पायपुसणं, हे तुला तिथं बसून कळणार नाही.

तुझ्या पुस्तकासाठी माहिती गोळा केली आहे. सुतारांच्या गल्लीत पूर्वी घाणा होता आणि त्याचा बैल म्हणे डोळ्यांवरची पट्टी काढली तरी गोल गोलच चालायचा. शाळा आधी गोदामात भरायची, त्यामुळे जुन्या लोकांना अजूनही पाटीला धान्याचा वास येतो असं वाटतं. हे सगळं घाल, लोकांना आवडेल. आणखी लागलं तर विचार.

बांधाचं म्हणशील तर मागच्या वर्षी तो बराच खचला. दगड इकडं तिकडं झाले. कोणी गोठ्याला नेले, कोणी कुंपणाला. तो लेखाचा दगड बघतो कुठं आहे ते. पण एका दगडावर तुझं पुस्तक अडू नये असं मला वाटतं.

घर अजून पूर्ण झालेलं नाही. रंगाचा वास जात नाही. उन्हाळा संपल्यावर ये.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

चि. भाऊस,

दगड म्हणजे काय सुई आहे, बघतो म्हणायला? माझ्या छातीइतका उंच होता तो. चार माणसांनी उचलायचा दगड गवतात हरवत नाही.

मी इथं बसून विचार केला. असा दगड जागचा हलवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. त्याला पहार लागते, गाडी लागते आणि दगडाची माहिती लागते. गावात असा माणूस एकच. गवंड्याला विचार. त्याचा बाप भांडकुदळ होता आणि हाही काही कमी नाही. दारू सोडली असं तू लिहिलं होतंस, पण सुटलेली दारू परत धरायला किती वेळ लागतो? त्यानं कुणाला तरी विकला असेल. शहरात हल्ली असले दगड लोक बागेत ठेवतात.

सोसायटीची बैठक असते ना, तिथंच विचार. चारचौघांत विचारलं की माणूस खोटं बोलत नाही.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

बैठक सोसायटीच्या ओसरीवर होती. हिशेब झाले, मग मी तुझ्या पुस्तकाचं सांगितलं. लोक खूश झाले. मी म्हणालो, लेखाचा दगड सापडत नाही, ताई म्हणते गवंड्याला विचारा. बस, एवढंच बोललो. गवंडी मागं खांबाला टेकून बसला होता. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

तो उठला आणि म्हणाला, "मला काय विचारता? तो दगड भाऊंच्या दारात आहे. नव्या घराची पहिली पायरी. मीच बसवलाय. अक्षरं आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं, तर म्हणाले, उपडा घाल."

तो पुन्हा म्हणाला, "खोटं वाटत असेल तर उचला पायरी. पहार मी आणतो."

तेव्हा मी म्हणालो, "उचला की. पण खाली काही निघालं नाही तर पायरी पुन्हा कोण बसवणार? हाच? मग ती आयुष्यभर डुगडुगेल." लोक हसले. तो तिथंच उभा होता. मग कोणीतरी म्हणालं, घेऊन आला असेल थोडी. आणि विषय संपला.

आता तूच सांग, अशा माणसाशी काय बोलायचं. तू दगडाचा नाद सोड. तळ्याचं नुसतं वर्णन लिही. तुझी लेखणी चांगली आहे, दगड नसला तरी चालेल.

तुझा भाऊ


८ मार्च

चि. भाऊस,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. चोर तो चोर आणि वर शिरजोर. आपल्या घरावर शिंतोडे उडवतो? वडिलांनी गावाची भांडणं मिटवण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्या मुलाला हा ओसरीवर उभा राहून चोर म्हणतो?

मी गप्प बसणारी नाही. इथल्या पेपरात माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला सगळं सांगितलं. कात्रण सोबत आहे. 'गावाचा शिलालेख गवंड्याने पळवला?' असा मथळा दिलाय त्यांनी. प्रश्नचिन्ह त्यांचं आहे, माझं नव्हे. गावात चार लोकांना दाखव. सोसायटीच्या फळ्यावर लाव.

साहेबांनीही बातमी वाचली. जागा बघायला ते स्वतः यायचं म्हणतात. महिनाअखेरीस मी त्यांना घेऊन येते. रंगाचा वास मला चालतो.

ताई


१५ मार्च

ती. ताईस नमस्कार.

पेपरात द्यायला नको होतं. मला विचारायचं तरी होतंस.

मी कात्रण फळ्यावर लावलं नाही. पण पेपर गावात येतोच. कोणीतरी ते पान गवंड्याच्या दाराला चिकटवलं. शाळेच्या भिंतीचं काम त्याला मिळणार होतं, ते आता दुसऱ्या गावच्या माणसाला दिलंय. त्याची मुलगी चौथीत आहे. ती शाळेत येत नाही असं मास्तर सांगत होते. पोरं तिला काहीतरी म्हणतात.

तुम्ही येऊ नका. ऊन फार आहे. साहेबांना त्रास होईल. हवं तर मी तळ्याचे फोटो पाठवतो.

भाऊ


२ एप्रिल

भाऊ,

मी परत आले त्याला चार दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

तू साहेबांना तळं दाखवायला गेलास तेव्हा मी स्वयंपाकघरात वहिनीजवळ बसले होते. ती भाजी निवडत होती. मी गवंड्याला शिव्या घालत होते, माझ्या नेहमीच्या आवाजात. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ती मान खाली घालून निवडत राहिली. मग तिनं ताट बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि मला ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड आणून म्हणाली, "वन्सं, तो खरं बोलत होता. दगड दारातच आहे. मी रोज त्याच्यावर पाणी टाकते."

पुढं ती काय म्हणाली ते मी मनानं जुळवलं नाही, सगळं नीट ऐकलं. गवंडी बायको-मुलीला घेऊन गाव सोडून गेला. माझ्याच शहरात आलाय, कुठल्याशा इमारतीवर रोजानं काम करतो. जायच्या आदल्या दिवशी त्याची बायको आपल्या दारात आली होती. भांडली नाही. त्या पायरीकडं नुसतं बघितलं आणि गेली.

पण मी तुला रागवायला हे लिहीत नाहीये. रागवायचा हक्क मी गमावलाय. कारण तुम्ही परत आलात, साहेब बूट काढायला त्याच पायरीवर बसले आणि त्यांनी मला विचारलं, "म्हणजे बाई, दगड गेलाच म्हणायचा?" तू माझ्याकडं बघत होतास. मला सगळं माहीत होतं. आणि मी म्हणाले, "हो, गेलाच."

तीस वर्षं मी पोरांना सांगितलं की इतिहास म्हणजे जे घडलं ते. आणि एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा मला तू दिसलास, वडील दिसले, घर दिसलं. खांबाला टेकून बसलेला तो माणूस दिसला नाही. त्याचं नाव तुला मीच सुचवलं होतं. पेपरात मीच दिलं. तू दगड घरात घातलास, पण गावाबाहेर त्याला मी काढलं.

पायरी उचल. लोकांसमोर उचल. मला याहून जास्त लिहवत नाही.

ताई


२० एप्रिल

ताई,

तुझं पत्र खिशात ठेवून आठवडाभर फिरलो. शेवटी तुझ्या शहरात आलो आणि तुला न भेटता परत गेलो. आधी तेवढं सांगून टाकतो.

दगड घेतला तेव्हा वाईट बुद्धी नव्हती. बांध फुटला होता, सगळेच नेत होते. लांबीला बरोबर पायरीएवढा होता. एक कोपरा जास्त होत होता, तो गवंड्याला छाटायला लावला. अक्षरं आहेत असं तो म्हणाला, मी म्हणालो, कोणाला वाचता येतात. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला हवं होतं. म्हटलं, पुढच्या पत्रात लिहू. मग ओसरीवर त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं आणि माझ्या तोंडून तो विनोद निघून गेला. मला वाटलं नव्हतं लोक इतके हसतील. त्यांचं हसू थांबल्यावरही मी खरं सांगू शकलो असतो. पण हसणाऱ्या लोकांपुढं खरं बोलायला वेगळी छाती लागते.

त्याला शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावर भिंत बांधत होता. मला बघून थापी खाली ठेवली नाही. मी म्हणालो, "माझं चुकलं."

तो म्हणाला, "मला कशाला सांगता? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"पायरी काढायला येशील?"

"मी बसवलेलं मी काढत नाही. तुम्ही काढा."

मग तो विटा मोजायला लागला आणि मी जिना उतरलो.

रविवारी सगळ्यांना दारात बोलावलं. पहार मीच घातली. दोघांनी हात लावला. दगड उलटला आणि माती पुसली तर अक्षरं जशीच्या तशी. छाटलेल्या कोपऱ्याजवळच्या ओळी अर्ध्या गेल्यात. मी म्हणालो, गवंडी खरं बोलत होता, खोटं मी बोललो.

आता ऐक काय झालं. मला वाटलं होतं लोक थुंकतील. शेजारचे काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं भाऊ, तू काय मुद्दाम केलंस का?" सोसायटीचा एक जण म्हणाला, साहेबांना कळवू की तळ्यातला गाळ काढताना सापडला, तुमचंही नाव राहील आणि गावाचंही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याला चोर ठरवायला त्यांना जेवढा वेळ लागला होता, त्याहून कमी वेळात त्यांनी मला माफ करून टाकलं.

आणि मी काय म्हणालो, विचार. मी म्हणालो, "बघू."

ही घरात माझ्याशी बोलत नाही. पायरीच्या जागी खड्डा आहे, त्यावरून उडी मारून आत जावं लागतं. फोटो सोबत पाठवलेत. तुला हवे होते म्हणून.

भाऊ


६ मे

भाऊ,

तुझ्या 'बघू'ची वाट न बघता मी साहेबांकडं गेले. दगड कुठं होता, कोणी घातला, मी त्यांच्याशी काय खोटं बोलले, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, दगडाची नोंद होईल. माझ्या पुस्तकाबद्दल काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

फोटोवरून त्यांनी लेख वाचला. आपण लहानपणापासून ऐकत आलो की तळं कुणा सरदारानं बांधलं. सरदाराचा त्यात पत्ताच नाही. दुष्काळाच्या साली सगळ्या गावानं मिळून खोदलं, एवढंच लिहिलंय. पुढं माणसांची नावं होती. ती तू छाटायला लावलेल्या कोपऱ्यात गेली.

मग पेपरात गेले. विद्यार्थी नरमला, पण जागा नाही म्हणाला. शेवटी आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली, चार ओळींचा खुलासा छापून आला. तो घेऊन मी गवंड्याची इमारत शोधत गेले. कामावरून सुटायच्या वेळेला तो खाली भेटला. मी माझं नाव-गाव सांगितलं, तर म्हणाला, "ओळखलं. मी लहान असताना तुम्ही तळ्यावर बसायच्या."

कात्रण त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "आधीची बातमी केवढी होती?" मी वितीनं दाखवलं. तो म्हणाला, "मग ही मी घरी दाखवली तर बायकोला दिसेल का?"

त्याच्यात टोमणा नव्हता भाऊ, तो खरंच विचारत होता. म्हणून मी त्याच्याबरोबर त्याच्या खोलीवर गेले. पत्र्याची खोली, बाहेर चूल. मुलगी दाराआडून बघत होती. मी चार ओळी मोठ्यानं वाचल्या. त्याची बायको हात पुसत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आम्हाला वाचून काय उपयोग? गावात वाचा."

तेव्हा तू गावात वाच. तळ्याच्या काठावर, सगळे असतील तेव्हा. आधी ती मोठी बातमी वाच, मग ही. आणि गाळात सापडला म्हणणाऱ्यांना सांग की ताईनं आधीच सगळीकडं सांगितलंय, आता तुमचा उपयोग नाही. मी येणार नाही. यायची फार इच्छा आहे, म्हणूनच येणार नाही. मी आले की तू माझ्या पदराआड उभा राहशील आणि मी तुझ्या. दिवस ठरला की गवंड्याला आणि त्याच्या बायकोला मी कळवते. येतील की नाही ते त्यांचं.

ताई


२६ मे

वन्संना नमस्कार.

ह्यांना लिहवत नाही, म्हणून मी लिहिते आहे. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, समजून घ्या.

यांनी वाचलं. सगळं गाव होतं. आधी मोठी बातमी वाचली. त्यात 'चोरी' हा शब्द तीनदा आहे, प्रत्येक वेळी थांबले. मग लहान वाचली. मग कागद घडी करून म्हणाले, "त्या दिवशी ओसरीवर तुम्ही हसलात ते माझ्या विनोदाला हसलात. तो विनोद नव्हता, खोटं होतं." सोसायटीचं पद सोडतो म्हणाले. लोकांनी नको नको केलं, पण सोडलं.

गवंडी, त्याची बायको आणि मुलगी सकाळच्या बसनं आले होते. मागं उभे होते. शेजारचे काका त्यांच्याकडं वळून म्हणाले, "चला, झालं गेलं गंगेला मिळालं." तर ती म्हणाली, "तुमचं मिळालं असेल." त्यावर कोणी बोललं नाही. मीही नाही. मीसुद्धा दोन महिने त्या पायरीवर पाणी टाकत गप्पच होते ना.

मी पुढं होऊन तिला घरी चला म्हटलं. ती नको म्हणाली. वाईट बोलली नाही, नुसतं नको म्हणाली. गवंडी काठाशी आणून ठेवलेल्या दगडापाशी जाऊन बसला. छाटलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत होता. हे जवळ गेले तर त्यांना म्हणाला, "हा मी छाटला. तुम्ही सांगितलंत, पण हात माझा होता." दगड काठावर उभा करायला तो येईल का, असं ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय, बघतो. यांना त्या 'बघतो'चं फार लागलं. मी म्हटलं, लागू द्या.

दुपारच्या बसला वेळ होता म्हणून ते तिघं त्यांच्या बंद घराकडं गेले. मी लांबून बघत होते. गवंड्याच्या बायकोनं कुलूप उघडलं नाही. कोपऱ्यातला खराटा घेतला आणि सगळं अंगण झाडून काढलं, पाला गोळा करून कडेला लावला. मग खराटा होता तिथं ठेवून बसकडं गेली.

रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, परत यायचं नसेल तर कोणी अंगण झाडत नाही. यांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

पण वन्सं, झाडतातही. माझ्या आईनं आमचं घर कायमचं सोडताना असंच झाडलं होतं. ते मी ह्यांना सांगितलेलं नाही. सांगायला हवं का, ते तुम्ही कळवा.

आपली वहिनी